खडकी तपासणीत आहे

"खडकी उठली का?"

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत सकाळची सुरुवात नमस्कारानं होत नसे, या प्रश्नानं होई. विचारणारा नुकताच कंपनीच्या बसमधून उतरलेला, हातात डबा, आणि उत्तर त्याला आधीच पाठ.

"अजून नाही. तपासणीत आहे."

"मग चहा मारून येतो."

ही गोष्ट २०१२ च्या उन्हाळ्याची. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, छत्रपती संभाजीनगर व्हायला अवकाश होता. खडकी हे मात्र दोन्हींच्या आधीचं नाव. मलिक अंबरानं १६१० मध्ये शहर वसवलं ते खडकी गावाच्या जागी. आमच्याकडे पहिला सर्व्हर बसवणाऱ्या इंजिनिअरला इतिहासाचा नाद होता, त्यानं सर्व्हरचं बारसं त्याच नावानं केलं. सर्व्हर पुल्लिंगी, नाव स्त्रीलिंगी. वर्षभरात सगळी कंपनी त्याला 'ती' म्हणू लागली. पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांना पहिला आठवडाभर वाटत होतं की पुण्याच्या खडकीत यांचं कोणीतरी फार आजारी आहे.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे नट, बोल्ट, ब्रॅकेट करणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेच्या शेपटाला आमची कंपनी. आमचे पगार, स्टोअरचा हिशेब आणि गेटपास हे सगळं खडकीच्या पोटात. जातीनं ती सन कंपनीची एंटरप्रायझ ४५०, म्हणजे १९९७ सालचं मॉडेल. लहान फ्रिजएवढा देह, खाली चाकं, पोटात चार प्रोसेसर आणि वीस डिस्क मावतील एवढी जागा. आम्ही दोन प्रोसेसर आणि सहा डिस्कवर भागवलं होतं. उरलेल्या खणांत काय आहे हे झुरळांना माहीत. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली. तेव्हापासून खडकी म्हणजे माहेर मोडलेली सासुरवाशीण. रडायचं कुणाजवळ, सुटे भाग मागायचे कुणाकडे?

यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच कैलासवासी झालेल्या, आणि मोठ्या साहेबांना विजेच्या बिलाचं वावडं. त्यामुळे खडकीला रोज संध्याकाळी झोपवायचं आणि सकाळी उठवायचं, असा शिरस्ता. झोपवणं सोपं होतं.

सकाळी बटण दाबलं की पंखे विमान सुटल्यासारखे घोंगावत. पडदा काळाठिक्कर. हालचाल एकच: कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुक करू लागायचा. तो लुकलुकतोय म्हणजे बाईंची स्वतःची तपासणी चालू आहे.

तसं प्रत्येक संगणक उठल्यावर स्वतःला चाचपतोच. माणूस अंथरुणात बसून आधी चष्मा, मग कंबर, मग गुडघा चाचपतो, तसं. डिस्क जागी व्हायच्या आधी हे व्हावं लागतं, म्हणून त्याचा प्रोग्रॅम एका चिपमध्येच कोरून ठेवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. घरातला संगणक हे काम काही सेकंदांत उरकून एक 'पीं' करतो आणि कामाला लागतो. आमच्या खडकीला पस्तीस मिनिटं लागत. मेमरीच्या एकेका खणात एक आकडा ठेवायचा, तोच परत मिळतो का बघायचं. मग त्याच्या बरोबर उलटा आकडा ठेवायचा, तोही परत मिळतो का बघायचं. मग पुढचा खण. आमच्या स्टोअरचा स्टॉक या पद्धतीनं एकदा जरी तपासला असता, तरी निम्मं स्टोअर सस्पेंड झालं असतं.

या तपासणीचं साग्रसंगीत निवेदन ती पाठीमागच्या सिरियल पोर्टमधून करत असे. त्या पोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं. रोज सकाळी पस्तीस मिनिटं ती आपल्या एकेका अवयवाची हकिकत भिंतीला सांगायची. घरात म्हातारं माणूस असेल, तर हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको.

पस्तीस मिनिटांनी पडदा उजळायचा आणि दुसरा अंक सुरू व्हायचा. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायची: 'टाइमआउट वेटिंग फॉर आर्प/रार्प पॅकेट'. याचा अर्थ मी नंतर पुस्तकात वाचला. रार्प ही १९८४ मध्ये ठरलेली पद्धत. ज्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही असं यंत्र नेटवर्कवर हाळी देतं की, बाबांनो, माझ्या कार्डाचा नंबर हा असा आहे, तर मी कोण हे कुणीतरी सांगा. म्हणजे शुद्ध 'कोऽहम्'! ऋषिमुनींना हा प्रश्न अरण्यात पडायचा, खडकीला वाळूज एमआयडीसीत पडायचा, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी. आणि सबंध नेटवर्कवर उत्तर देणारा गुरू एकही नाही.

इथं लेखा विभागातल्या अण्णांचा प्रवेश. अण्णा खुर्ची ओढून बसत, चष्मा कपाळावरून नाकावर घेत आणि कीबोर्डवरची 'स्टॉप' आणि 'ए' ही बटणं एकदम दाबत. खडकी गप्प होई आणि पडद्यावर एकच शब्द येई: 'ओके'. त्यापुढे अण्णा दोन शब्द टाइप करत, 'बूट डिस्क'. या दोन शब्दांची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली होती, तीही लॅमिनेट करून. शब्द दोनच असले तरी ते टाइप करण्याचा अधिकार अण्णांचाच, असा संकेत पडला होता. अण्णांनी रजा मागितली की साहेब विचारत, "मग खडकीचं कोण बघणार?" पुतण्याच्या लग्नालासुद्धा अण्णा अक्षता टाकून अकराला परत आले होते. तक्रार करत, पण परत आले होते.

तो 'ओके' मात्र फसवा. खडकीच्या फर्मवेअरचं नाव ओपनबूट, आणि ते फोर्थ नावाच्या भाषेत लिहिलेलं. सांगितलेलं काम संपलं की 'ओके' म्हणायचं, ही त्या भाषेची सवय. तब्येत ठीक आहे असा त्याचा अर्थ नाही. 'ऐकलं, पुढे बोला' एवढाच. आमच्या पर्चेस विभागाचा फोनवरचा 'ओके' याच भाषेतला आहे, हे मला तेव्हा उमगलं.

खडकीला उठायला इतका वेळ का लागतो, यावर कंपनीत मतं भरपूर होती, पण माहिती कुणाकडेच नव्हती. अण्णांच्या मते वय. पर्सनलच्या ताईंच्या मते तिचं तोंड दक्षिणेला. मेंटेनन्सच्या मते अर्थिंग. त्यांच्या मते संधिवातसुद्धा अर्थिंगमुळेच होतो. स्टोअरचे मामा म्हणाले, नजर. एवढं बोलून न थांबता त्यांनी दर शनिवारी खडकीच्या दर्शनी भागावर नवं लिंबू-मिरची बांधायला सुरुवात केली. तिथं पुढे आलेली एक कडी होती, ती त्यांना सोयीची पडली. खंडेनवमीला त्याच कडीला झेंडूचा हार, आणि जाळीवर हळदीकुंकू. ते कुंकू पंख्यानं आत ओढलं जाऊन मागून बाहेर आलं, त्या दिवशी सर्व्हररूमच्या भिंतीला जो गुलाबी रंग चढला तो कायमचा.

चहावाल्या चाचांचं मत वेगळं होतं. "साब, पनचक्की देखो. पानी आया तो चालू, पानी गया तो बंद. चेकअप नक्को, कुछ नक्को." मुद्दा बिनतोड होता. डोंगरातला झरा, तिथून मैलोगणती जमिनीखालून आणलेलं नळाचं पाणी आणि त्यावर गरगरणारं जातं. अठराव्या शतकातलं ते यंत्र कधी कुणाला 'मी कोण' असं विचारत बसलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी ग्राहक कंपनीचे ऑडिटर सकाळी साडेआठला येऊन बसले आणि त्यांना पस्तीस मिनिटं एक लुकलुकणारा दिवा दाखवावा लागला. ते गेल्यावर मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

"हे काय आहे?"

"सर, सेल्फ टेस्ट."

"मग रिझल्ट काय?"

सहा वर्षं रोज परीक्षा चालू होती आणि निकाल मागणारे साहेब पहिलेच. मी म्हणालो, "सर, संपूर्ण तपासणी करून रिपोर्ट देतो."

हे वाक्य बोलताना छाती फुगते. नंतर काय होतं ते आता सांगतो.

पहिल्या दिवशी मी अण्णांकडून कीबोर्ड मागून घेतला (त्यांनी तो विहीण मुलीचा हात देते तसा दिला) आणि 'टेस्ट-ऑल' ही आज्ञा सोडली. जे जे भाग स्वतःची चाचणी घेऊ शकतात ते ते यात एकामागून एक घेतात. सगळे पास, फ्लॉपी ड्राइव्ह नापास. सापडला चोर! मी साहेबांना फोन करणार एवढ्यात अण्णा म्हणाले, "आत फ्लॉपी नको का?" २०१२ मध्ये फ्लॉपी शोधणं म्हणजे गुलमंडीत पार्किंग शोधणं. अखेर ताईंच्या खणात एक निघाली, तिच्यावर त्यांच्या मुलाचा दहावीचा प्रकल्प होता. मुलगा तोवर नोकरीला लागला होता. फ्लॉपी घातली, ड्राइव्ह पास. आठ वर्षांत कुणी हात न लावलेला भाग ठणठणीत असल्याचं अशा रीतीनं सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी डिस्क मोजायला घेतल्या. त्यासाठी 'प्रोब-स्कझी-ऑल'. ही आज्ञा देताच खडकीनं उलट मलाच सुनावलं: तुम्ही मधेच स्टॉप-ए करून इथं आलेले असाल तर ही आज्ञा यंत्र गोठवू शकते, आधी रीसेट करा, तरी पुढे जायचं आहे का?

अण्णा मागून म्हणाले, "नको म्हणतीय ना ती. कशाला छेडता?"

मी शहाण्यासारखं रीसेट केलं. रीसेट केल्याबरोबर दिवा लुकलुकू लागला: पस्तीस मिनिटं. मग 'कोऽहम्'. ते थांबवायला स्टॉप-ए. मग प्रोबची आज्ञा, आणि खडकीचं तेच उत्तर: तुम्ही स्टॉप-ए करून आलेले असाल तर आधी रीसेट करा. मी पुन्हा रीसेट केलं. तहसिलीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागतात, हे मी ऐकून होतो. ते फर्मवेअरमध्येही लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं. आपोआप बूट होणं आधी बंद करून ठेवायचं असतं, हे मला चौथ्या फेरीत, जेवणाच्या सुट्टीनंतर सुचलं. तोवर कंपनीतून एकही गेटपास निघाला नव्हता आणि गेटवर नऊ ट्रक उभे होते.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या सेटिंग्ज वाचल्या. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: तपासणीचा स्विच, 'फॉल्स'. म्हणजे तपासणी बंद! पण समोर तर ती रोज तपासणी करतेय. नाही म्हणायचं आणि करत राहायचं, हा मनुष्यस्वभाव झाला; यंत्रात तो आला कुठून? खाली तपासणीची पातळी, 'मॅक्स'. मॅक्स असणं चांगलंच, असं समजून मी पुढे गेलो.

चौथ्या दिवशी निराला बाजारातून एक कन्व्हर्टर आणला, खडकीच्या पाठीमागच्या पोर्टला माझा लॅपटॉप जोडला, वेग ९६०० ठेवला, आणि इतकी वर्षं भिंतीला सांगितली गेलेली हकिकत पहिल्यांदाच कुणीतरी ऐकली. ओळीमागून ओळ. हा प्रोसेसर बरा, हा कॅशे बरा, मेमरीची ही बँक बरी, ती बँक बरी. पस्तीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून वाचलं. एकही दोष नाही. साठी उलटलेल्या बाईनं सगळे रिपोर्ट नॉर्मल आणावेत आणि तरी सकाळी पलंगावरून उतरू नये, तसं झालं.

शेवटी पुण्याहून इंजिनिअर मागवला. असली जुनी यंत्रं जाणणारे आता थोडेच उरलेत, त्यामुळे त्यांची फी विचारायची नसते, भरायची असते. पोरगेला होता. आला, पाणी प्यायला, खडकीसमोर उकिडवा बसला आणि दोन बोटांनी ते लिंबू-मिरची बाजूला केलं.

"हे काय?"

"नजर लागू नये म्हणून," मामा म्हणाले.

"ते कळलं. खाली काय आहे?"

"कडी."

"कडी नाही हो मामा, किल्ली आहे."

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. पाहतो तर खरंच किल्ली. कुलपातच होती, लिंबाच्या रसानं आणि झेंडूच्या पाकळ्यांनी माखलेली. तिच्याभोवती चार खुणा होत्या. इंजिनिअरनं समजावून सांगितलं: एक चालू, एक स्टँडबाय, म्हणजे आमचा दुपारी तीननंतरचा स्टाफ, एक लॉक, म्हणजे कुणी काही करू शकत नाही, आमचा पर्चेस, आणि एक तपासणी. किल्ली तपासणीवर असली की आतल्या सेटिंगमध्ये काहीही लिहिलेलं असो, प्रत्येक वेळी पूर्ण तपासणी होणारच. शिवाय त्या अवस्थेत ती आपल्या डिस्ककडे न जाता नेटवर्कवरून बूट व्हायला बघते. म्हणून ते 'मी कोण'.

"साहेब, हिला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "ही सहा वर्षं चेकअपमध्ये बसलीय. किल्ली फिरवली कुणी?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी लिंबाची शपथ घेतली. मग कुणीतरी सर्व्हररूमची जुनी नोंदवही काढली. २००६ च्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'नवीन मेमरी बसवली. पातळी मॅक्स केली. किल्ली तपासणीवर ठेवली. उद्या परत फिरवणे.' 'उद्या'खाली दोन रेघा. शेजारी सही, ठसठशीत.

सही माझी होती.

पुढची दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग इंजिनिअरनं समंजसपणे विचारलं, "बिलावर काय लिहू?" आम्ही 'यांत्रिक दुरुस्ती' असं ठरवलं. किल्ली फिरवणं यांत्रिकच असतं.

दुसऱ्या दिवशी खडकी चार मिनिटांत उठली. 'मी कोण' नाही, 'ओके' नाही, थेट लॉगिन. मला वाटलं, पेढे वाटतील.

पहिले आले अण्णा. नेहमीप्रमाणे चष्मा नाकावर घेऊन खुर्चीत बसले, बोटं 'स्टॉप-ए'वर ठेवली, आणि तशीच राहिली. काही वेळानं त्यांनी मॉनिटरवरची लॅमिनेट केलेली चिठ्ठी हळूच काढली आणि खिशात घातली. शाळेतून निवृत्त होताना मास्तर घंटा घरी घेऊन जातात, तसं. "बरं झालं," ते म्हणाले. ते 'बरं' खडकीच्या 'ओके'सारखं होतं.

मग ताई आल्या, नऊ वाजता, धापा टाकत. "आज आमचं पाणी होतं!" आमच्या शहरात हे वाक्य घरातल्या लग्नाच्या बरोबरीचं. पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, रोज येत नाही, आणि ज्या दिवशी गल्लीचा नंबर असतो त्या दिवशी टाकी, पिंप, बादल्या, कळशा आणि शेवटी तांबेसुद्धा भरल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. गेली सहा वर्षं हा उशीर खडकीच्या पस्तीस मिनिटांत अलगद विरघळत असे. हजेरीसुद्धा तिच्यातच लागायची ना! आज पहिल्यांदाच ताईंच्या नावापुढे लाल शेरा आला. त्यांच्या मागे, त्याच गल्लीतले आणखी अकरा.

साडेनऊला चाचा स्वतः आत आले. किटली भरलेली. "क्या साब, आज मशीन जल्दी उठ गई? तबियत खराब है क्या?"

दहाला मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर कालच्या उत्पादनाचे, स्टॉकचे, थकबाकीचे रिपोर्ट पडलेले. पूर्वी ते सव्वानऊनंतर येत. तोवर साहेबांचा पेपर वाचून, शब्दकोडं सोडवून व्हायचं. आज कोडं अर्धवट होतं.

"हे रोज पावणेनऊला येणार?"

"हो सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पण मला एक सांगा. एवढं जुनं मशीन, न तपासता असं रोज चालू करणं सेफ आहे?"

त्या आठवड्यात सेफ्टीची अशी काही लाट आली की कंपनीत हेल्मेट न घालणारे लोकसुद्धा मला प्रतिबंधक देखभालीचं महत्त्व सांगू लागले. अण्णा म्हणाले, आजार नाही हे खरं, पण चेकअप आहे म्हणूनच आजार नाही. ताई म्हणाल्या, तोंड दक्षिणेला आहे, निदान तपासणी तरी हवी. मेंटेनन्सनं अर्थिंगचा मुद्दा पुन्हा एकदा मांडला.

शनिवारी बैठक झाली आणि तडजोड ठरली. किल्ली तपासणीवरच राहील. पातळी मॅक्सवरून 'मिन'वर येईल, म्हणजे बारा मिनिटांत आटोपेल, एका चहापुरतं. 'मी कोण' बंद करता येत असलं तरी करू नये. 'बूट डिस्क' अण्णाच टाइप करतील. आणि ज्या दिवशी ताईंच्या गल्लीला पाणी असेल, त्या दिवशी आदल्या संध्याकाळी संगणक विभाग, म्हणजे मी, पातळी मॅक्सवर नेऊन ठेवीन. मनपाचं पाण्याचं वेळापत्रक तेव्हापासून सर्व्हररूमच्या गुलाबी भिंतीवर लागलं.

मामांनी नवं लिंबू-मिरची आणलं आणि किल्लीला बांधलं. मी नोंदवही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: 'किल्ली तपासणीवर ठेवली. उद्या परत फिरवणे.'